खऱ्याची वही

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन आज नऊ दिवस झाले. उत्तर नाही म्हणून तू माझी खरडपट्टी काढायच्या तयारीत असशील, पण या वेळी आळस केलेला नाही. चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा फाडलं. कामाला येणाऱ्या बाईंनी टोपली रिकामी करता करता विचारलं, सर, या वयात प्रेमपत्रं लिहिताय की काय. बहिणीला लिहितोय म्हटलं, तर म्हणाल्या, मग त्यात एवढं फाडण्यासारखं काय असतं, बहीणच आहे ना. त्यांना सहा भाऊ आहेत आणि सहाही जणांशी त्या कडाकडा भांडून मोकळ्या होतात. आपल्या दोघांना ते कधी जमलं नाही.

आधी तुझ्या पत्राचं. मामाची मुलगी येत्या रविवारी तुझ्याकडे येणार हे वाचलं, पत्र टेबलावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद आहे ना ते उगाचच बघून आलो. साठी उलटलेली बाई, तिच्या बापानं सांगून तुझ्याकडून लिहून घेतलेलं एक पत्र आणि आपल्या लाँड्रीचं नाव छापलेलं पिवळं पाकीट घेऊन इतकी वर्षं शोधत होती, आणि अखेर तिला सापडलो ते आपण. तिला काही नको आहे असं तू लिहितेस. तो कुठे झोपायचा, कुठे काम करायचा तेवढं बघायचं आहे, आणि तो पकडला कसा गेला ते विचारायचं आहे. आणि तू म्हणतेस, मी तिला सगळं सांगणार. माझ्या ओल्या पावलांमुळे तुझा बाप सापडला, हे तिच्या तोंडावर सांगून टाकणार, म्हणजे डोळे मिटायच्या आधी एकदा तरी मोकळी होईन. पत्राच्या शेवटी तू मला विचारलंस, सांगू ना रे? त्या तीन शब्दांपाशी मी नऊ दिवस अडकून बसलो आहे.

तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण आता त्यांचंही ऐकून घ्यायची सवय झाली. शाळेनं निरोप पाठवला होता की तुमच्याकडची पुस्तकं वाचनालयाला द्या, म्हणून गेल्या आठवड्यात कपाट उपसलं. त्यात ती जुनी अमेरिकन कादंबरी निघाली, जी मी एकोणतीस वर्षं वरच्या वर्गाला शिकवली. एकदा सुट्टीत घरी आणली होती बघ. तू चार पानं वाचलीस आणि परत ठेवलीस, म्हणालीस, पळून जाणारा माणूस आहे ना यात, मग मला नको. एका उनाड पोराची आणि मालकिणीकडून पळालेल्या एका गुलामाची गोष्ट आहे ती. दोघं लपतछपत नदीनं निघतात. पोराला लहानपणापासून पढवलेलं असतं की दुसऱ्याचा गुलाम पळवणं म्हणजे चोरी, पाप. एका पानावर त्याचं मन त्याला इतकं खातं की तो माणूस कुठे आहे ते मालकिणीला कळवणारी चिठ्ठी लिहून काढतो. लिहिल्यावर त्याला स्वच्छ वाटतं. मग त्या माणसाबरोबरचे दिवस आठवायला लागतात आणि तो चिठ्ठी फाडतो. आपण आता कायमचे वाया गेलो अशी त्याची खात्री असते आणि तरी फाडतो. माझ्या प्रतीतली बाकीची सगळी पानं खुणांनी आणि चहाच्या डागांनी भरली आहेत. ते एक पान कोरं करकरीत आहे. वर्गात ते आलं की मी कोणाला तरी उभं करून मोठ्यानं वाचायला लावायचो आणि स्वतः खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहायचो. पोरांना वाटायचं, सरांना भरून येतं.

कॉलेजात पहिल्यांदा वाचली तेव्हा गुलाम हा शब्द मला फार लांबचा वाटला होता. साखळ्या, चाबूक, बाजारात उभी केलेली माणसं. आपल्या घरी गुलाम नव्हता, मामा होता. मामा म्हणायला काय लागतं? मुकादमानं त्याला सीमेपलीकडून आणला, बाबांकडे ठेवला आणि त्याचे कागद बाबांच्या हातात दिले. बाबांनी ते लोखंडी कपाटात ठेवले, सांभाळून. कागद नसताना फाटकाबाहेर पडला तर पहिल्याच चौकात पोलीस उचलणार, म्हणून मामा सात वर्षांत एकदाही फाटकाबाहेर गेला नाही. पगाराचं कोणी विचारलंच तर बाबा म्हणायचे, घरच्या माणसाला कसला पगार. आणि हा घरचा माणूस बॉयलरच्या मागच्या खोलीत झोपायचा, जिथे उन्हाळ्यात आपण मांजर ठेवलं नसतं. तो इकडे आला त्याच वर्षी तिकडे त्याला मुलगी झाली. ती त्यानं फक्त फोटोत बघितली. तो फोटो त्यानं खळीच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला होता, आठवतं? चादरींना खळ घालायला डबा उघडायचा तेव्हा आधी तिच्याकडे बघायचा, मग हात घालायचा.

माझा तो जीव की प्राण होता. चादर एकट्यानं कशी घडी घालायची, एक टोक हनुवटीखाली धरून, ते मला त्यानं शिकवलं. गिऱ्हाइकांच्या चादरींच्या कोपऱ्यांत लाल दोऱ्याच्या खुणा असायच्या, कोणाची फुली, कोणाचे दोन टाके. त्याला अक्षर येत नव्हतं, पण डोळे मिटून नुसतं बोट फिरवून सांगायचा, ही नदीकाठच्या हॉटेलची, ही इस्पितळाची. मी मुद्दाम खुणा बदलून फसवायला बघायचो आणि तो मुद्दाम फसायचा. मला ढब्बू पहिल्यांदा त्यानंच म्हटलं. तू ते नंतर उचललंस आणि आज माझ्या चौसष्टीतही सोडलेलं नाहीस.

बाबांबद्दल वाईट लिहायला माझा हात अजून धजत नाही. गिऱ्हाइकाच्या खिशात सापडलेलं तुटकं बटणसुद्धा पाकिटात घालून, वर नाव लिहून परत करणारा माणूस होता तो. गावात त्यांच्या सचोटीची शपथ घ्यायचे लोक. आई गेल्यावर आपल्या दोघांना वळण लावायला त्यांनी ती वही काढली. खऱ्याची वही. रविवारी सकाळी आंघोळी झाल्या की ज्यानं त्यानं आपापल्या वहीत आठवड्यातली एक खरी गोष्ट लिहायची, जी दुसऱ्या कोणाला माहीत नाही. मार नाही, आरडाओरडा नाही. बाबा चष्मा लावून वाचणार, खाली वाचले असं लिहून सही करणार. आणि वहीतलं वहीतच राहणार, दुसऱ्याच्या कानावर जाणार नाही, हा त्यांचा शब्द. फारच आवडलं तर शाब्बास लिहायचे. तुझ्या वहीत पानोपानी शाब्बास असायचं. माझ्या वहीत मी साबणाची वडी लपवली, मी मांजराला नीळ फासली, असले पराक्रम. त्याखाली वाचले, वाचले, वाचले. मी दहा वर्षांचा झालो तरी मला एकदाही शाब्बास मिळालं नव्हतं.

त्या शुक्रवारी बाबा आंघोळीला गेले असताना तू किल्ली काढलीस, कपाट उघडलंस आणि मामाचे कागद मामाला दिलेस. पंधरा वर्षांची होतीस. पुढे आयुष्यभर पोरांना शौर्याचे धडे शिकवले, पण असं धाडस मी दुसऱ्या कोणात बघितलं नाही. सोमवारी मालबोट सुटणार होती. शोधणारे बाहेर शोधतात, म्हणून मामा बाहेर गेलाच नाही. वाळवणीच्या माळ्यावर, टांगलेल्या चादरींच्या मागे बसून राहिला, आणि तू धुण्याच्या दालनातल्या पाण्यातून अनवाणी जाऊन त्याला जेवण पोचवत राहिलीस. हे सगळं तू मला पुढे कितीतरी वर्षांनी सांगितलंस, आणि मी नवीनच ऐकतोय असा चेहरा केला.

रविवारी दुपारी बाबा आणि मुकादमाची दोन माणसं इकडेतिकडे न बघता थेट शिडीपाशी गेली. मामाला खाली उतरवलं. त्याच्या खिशातले कागद बाबांनी काढून घेतले आणि मुकादमाच्या माणसांना दिले. मुकादमानं त्याला कोळशाच्या धक्क्यावर नेलं, आणि तो तिथून घरी कधी पोचला नाही, हे आता त्याच्या मुलीनं कळवलं. तू बाबांना विचारलंस, तुम्हाला कसं कळलं. बाबा म्हणाले, शिडीवर तुझ्या ओल्या पावलांचे ठसे होते. तेवढंच बोलले, पुढे वर्षभर तुझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून तू पावलं पुसतेस. आंघोळीहून बाहेर आलीस की हातात फडकं, एक पाऊल टाकायचं आणि मागचं पुसायचं. तुझ्याकडे कोणी आलं की दारात दोनदा पाय पुसायला लावतेस. चोपन्न वर्षं झाली. मी त्यावरून तुझी थट्टा करायचो, म्हणायचो, ताईच्या घरात माणसांपेक्षा पायपुसणी जास्त. तू हसायचीस. ती थट्टा मी कोणत्या तोंडानं केली, हे आज मलाही सांगता येत नाही.

माझं काय झालं ते तुला माहीत नाही. माझ्या घरात चादर कधी दोरीवर टांगली जात नाही. तुझी वहिनी होती तोवर वैतागायची, की चादरी खुर्च्यांवर पसरून वाळवणारं हे जगातलं एकमेव घर असेल. तिला कसं सांगणार, की वाऱ्यानं चादर हलली की मला तिच्यामागे कोणी तरी मांडी घालून बसलेलं दिसतं. आणि शाळेत मला पोरं डस्टर म्हणायची ते तुला माहीत आहे, पण कारण माहीत नाही. वर्गात गलका झाला की बाकीचे मास्तर ओठांवर बोट ठेवायचे. मला ते कधी जमलं नाही. मी डस्टर टेबलावर आपटायचो. छत्तीस वर्षं डस्टर आपटलं, धूळ खाल्ली, दमा घेतला, पण ओठांवर बोट ठेवलं नाही.

निवृत्तीच्या आधीच्या वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं प्रश्न विचारला. गप्प मुलगी, कधी हात वर न करणारी. ते चिठ्ठीचं पान वाचून झालं होतं. ती म्हणाली, सर, त्यानं चिठ्ठी फाडली म्हणून तो चांगला. पण पाठवली असती तर तो वाईट ठरला असता का? त्याला तर तेच चांगलं म्हणून शिकवलं होतं ना? मी खिडकीशीच उभा होतो. मी म्हटलं, नाही, वाईट नसता ठरला, ज्यांनी शिकवलं त्यांचा दोष. माझ्या पाठीचं ओझं कोणी उतरवून घेतल्यासारखं वाटलं मला, ताई. कारण इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो. पण ती बसली नाही. म्हणाली, पण सर, आपण एखादी गोष्ट चांगली म्हणून करतो की आपल्याला करायचीच असते म्हणून करतो, हे आपलं आपल्याला कळत असेलच की. तास संपायला पंधरा मिनिटं होती. मी वर्ग सोडून दिला.

कळतं. मला त्याच दिवशी कळलं होतं. शनिवारी संध्याकाळी मी शिडीवर ओली पावलं बघितली. तुझीच, उजव्या अंगठ्याची बाजू उमटत नाही ती. मी वर गेलो. चादरी बाजूला करत करत शेवटच्या रांगेपाशी पोचलो तर मामा, मांडीवर तुझ्या हातचा पावाचा तुकडा घेऊन. आधी त्याचं धाबं दणाणलं, मग मी आहे असं बघून तो हसला आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मी मान हलवली. खाली उतरलो ते रागानं पेटून. त्यानं तुला सांगितलं होतं आणि मला नाही. मला, ज्याला त्यानं खुणा शिकवल्या. तो सोमवारी जाणार होता, कायमचा, आणि माझा निरोपसुद्धा घेणार नव्हता. तो मला सापडला नसता तर मला कळलंही नसतं. रात्रभर मी एवढाच विचार करत होतो की ताई त्याची लाडकी, ताई बाबांची लाडकी, आणि मी कोणाचाच कोणी नाही.

रविवारी वही समोर आली. मी लिहिलं, मामा कुठे आहे ते मला माहीत आहे. बस, एवढंच. बाबांनी वाचलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फक्त सही न करता वही परत माझ्यासमोर सरकवली आणि स्वतःच्या पेनाचं टोपण काढून पेन तिच्यावर ठेवलं. तू शेजारच्या खोलीत केस पुसत होतीस, मला आवाज येत होता. मला कोणी धमकावलं नाही, कोणी मारलं नाही. मी दुसरी ओळ लिहिली. मग बाबांनी सही केली. त्यांनी तुला जे ठशांचं सांगितलं ते त्यांच्या आयुष्यातलं एकमेव खोटं असेल. वहीतलं वहीत राहावं म्हणून, माझ्यासाठी सांगितलेलं. आणि जरा विचार कर ताई, रविवारी तू माळ्यावर गेलीच नव्हतीस, बाबांनी तुला सकाळपासून नजरेआड होऊ दिलं नव्हतं. शनिवारचं ओलं पाऊल बॉयलरच्या उबेत रविवार दुपारपर्यंत टिकतं होय? मी दर वेळी वाट बघायचो की आज तू हे विचारशील, आणि दर वेळी मनातल्या मनात म्हणायचो, नको विचारूस.

आता त्या नजरेचं. फाटकातून नेताना मामा वळला, आपल्याकडे बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तू मला एकदा रडत सांगितलं होतंस की ती नजर तू मरेपर्यंत विसरणार नाहीस, तो तुला म्हणत होता की गप्प राहा, तू माझा घात केलास तरी कोणाला बोलू नकोस. ताई, तू माझ्या मागे उभी होतीस. तो तुझ्याकडे बघतच नव्हता. त्याला आदल्या दिवशी माळ्यावर दोघांनीच बघितलं होतं आणि तू कशी आहेस ते त्याला माहीत होतं. कोणी सांगितलं ते तो शिडी उतरतानाच समजला असणार. आणि तरी तो हसला, अगदी शनिवारी हसला होता तसा, आणि मला सांगून गेला की ढब्बू, कोणाला सांगू नकोस हां, तू लहान आहेस, तुला जड जाईल. पहिल्यांदा त्यानं बोट ठेवलं तेव्हा मी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा मात्र चोपन्न वर्षं ऐकलं.

बाबा गेल्यावर तू वह्या आवरायला घेतल्यास तेव्हा म्हणाली होतीस, ढब्बूच्या वहीतलं एक पान कोणी तरी फाडलंय. ते माझ्याकडे होतं. या पत्राबरोबर पाठवतो आहे. दोन ओळी माझ्या, खाली बाबांची सही, आणि त्याखाली मला आयुष्यात मिळालेलं एकुलतं एक शाब्बास. आता तुझ्या तीन शब्दांचं उत्तर: नको, सांगू नकोस. तुझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच, तू फक्त त्याचे कागद त्याला दिलेस. तेवढं मात्र तिला जरूर सांग. बाकीचं मी सांगेन. शनिवारी सकाळच्या गाडीनं निघतो. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर दार उघडू नकोस, मी फाटकाशी उभा राहीन आणि ती आली की तिला तिथेच सांगेन. कादंबरीतल्या त्या पोरानं चिठ्ठी फाडली तिथे तो सुटला. माझं उलटं आहे, मी चार फाडल्या आणि ही पाचवी फाडली तर तू रविवारी माझा गुन्हा तुझ्या तोंडानं कबूल करशील. म्हणून पाकीट बंद करून आत्ताच, चहासुद्धा न घेता, टपालपेटीपर्यंत जाऊन येतो. पत्र शुक्रवारपर्यंत पोचेल. वाचून झालं की एवढं कर, आंघोळ करून बाहेर ये, घरभर हिंड, आणि फडक्याला हात लावू नकोस. पावलं वाळतात, ताई, आपली आपण वाळतात.

ढब्बू म्हणणं बंद केलंस तरी,
तुझाच